कापराची पुरचुंडी आणि बायकोचं हिमोग्लोबिन

२०२१ च्या एप्रिलमध्ये तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज येऊन पडला होता. कापूर, लवंग, ओवा एका फडक्यात बांधा, वर निलगिरी तेलाचे थेंब टाका आणि दिवसभर हुंगत राहा, शरीरातला ऑक्सिजन वाढतो. खाली पुरावा म्हणून एक ओळ होती: लडाखमध्ये ऑक्सिजन कमी पडला की पर्यटकांना हीच पुरचुंडी देतात. कोविडची ती लाट ओसरली, पुरचुंडी मात्र राहिली. आता दर मे महिन्यात लडाख, केदारनाथ, अमरनाथला निघालेल्या लोकांचे मला फोन येतात. "काका, तुम्ही तिकडं होता ना? पुरचुंडी घेतलीय, लसूण घेतलाय, कोका ३० च्या गोळ्या घेतल्यात. आणखी काय खाऊ म्हणजे धाप लागणार नाही?"

मी मेडिकल कोअरचा माणूस, नर्सिंग असिस्टंट. लडाखात तीन वेळा पोस्टिंग झालं. एमआय रूममध्ये काय असतं आणि काय नसतं हे मला कपाटाच्या खणासकट पाठ आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर असतात. नळी आणि मास्क असतो. डायमॉक्स, निफेडिपिन, डेक्सामेथासोन असतं. हॅपो बॅग असते, म्हणजे पेशंटला आत झोपवून पायाच्या पंपाने हवा भरायची, की आतला दाब वाढून त्याला काही हजार फूट खाली उतरवल्यासारखं होतं. कापूर मी तिथे फक्त मंदिर परेडला पाहिला. लडाखचं नाव लावून जे विकलं गेलं ते लडाखमध्ये कुणी देत नव्हतं, हे आधी स्पष्ट सांगतो.

कापूर हुंगल्यावर बरं का वाटतं, याचंही उत्तर आहे आणि ते जुनं आहे. कापूर, निलगिरी, मेंथॉल हे नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चाळवतात. मेंदूला वाटतं की हवा मोकळी वाहतेय. १९८० च्या दशकातच नाकातल्या हवेचा अडथळा यंत्राने मोजून पाहिला गेला. वाटण्यात फरक पडला, अडथळ्यात नाही. रक्तातला ऑक्सिजन वाढण्याचा तर संबंधच नाही. ज्याचा ऑक्सिजन ८५ आहे त्याला "बरं वाटणं" हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण बरं वाटलं की तो डॉक्टरकडे जात नाही. त्या एप्रिलमध्ये माझ्या माहितीतल्या दोन घरांत दोन-दोन दिवस पुरचुंडीवर काढले गेले. एका घरातला माणूस वाचला. लहान पोरांच्या तोंडात हा कापूर गेला तर झटके येतात, हे तर मेसेजमध्ये कुणी लिहीतच नाही.

आता मूळ गोष्ट. वर ऑक्सिजन कमी असतो म्हणजे काय? हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण लेहलाही २१ टक्केच आणि मुंबईलाही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा, लेहला ११,५०० फुटांवर त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि १८,००० फुटांवर निम्मा. छातीत हवा तेवढीच शिरते, पण तिच्यात माल कमी. हा दाब कुठल्याही लसणाने, आल्याने, बीटाच्या रसाने वाढत नाही. खाल्लेलं अन्न पोटात जातं. त्यातून ऑक्सिजन तयार होत नाही. उलट ते पचवायला आणि जाळायला ऑक्सिजन खर्च होतो. एवढं सातवीच्या विज्ञानाचं पुस्तक वाचलेल्या माणसाला समजायला हवं. पण इंजिनियर माणसंही मला विचारतात, की अक्रोडाने ऑक्सिजन वाढतो का.

शरीर जुळवून घेतं ते दिवसांनी. म्हणून फौजेत अ‍ॅक्लमटायझेशनचे टप्पे आहेत: ९,००० ते १२,००० फुटांना ६ दिवस, पुढे १५,००० पर्यंत ४ दिवस, त्याच्या वर आणखी ४. पहिल्या टप्प्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम, मग थोडं चालणं, मग थोडा चढ. कितीही दांडगा पहिलवान असू दे, सीओ साहेब असू देत, नियम सगळ्यांना तोच. हे नियम कुणाच्या डोक्यातून आले नाहीत. १९६२ नंतर पोरांना विमानाने थेट लडाखात उतरवलं जात होतं आणि धडधाकट पोरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजारी पडत होती. आपल्याच फौजेच्या डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापला. आज जगभरातली गिर्यारोहणाची पुस्तकं त्याचा आधार घेतात. आपल्या जवानांच्या फुप्फुसांवर शिकलेली गोष्ट जगाने उचलली, आणि आपण काय उचललं? पुरचुंडी.

टूरवाले काय करतात? सकाळी पुणे किंवा मुंबईहून विमान, दुपारी लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला. पाटीवर १८,३८० फूट लिहिलंय, खरी उंची १७,६०० च्या आत आहे, पण मरायला तेवढीही पुष्कळ. मला एक कुटुंब आठवतं, नाशिककडचं. आजोबा तिसऱ्या रात्री खोकत होते, कोरडा खोकला. आडवं झालं की धाप वाढायची. हॉटेलात त्यांना गरम लसणाचं सूप दोनदा पाजलं, छातीला कापूर-तेल चोळलं. पहाटे थुंकीत गुलाबी फेस आला तेव्हा गाडी काढली. फुप्फुसात पाणी भरलेल्या माणसाला सूप पाजत होते! त्या घरच्यांना मी दोष देत नाही. त्यांना कुणीतरी खात्रीने सांगितलं होतं की लसणाने रक्त पातळ होतं आणि दम लागत नाही. खात्रीने सांगणाऱ्याचा राग येतो. लसूण जरूर खा, फोडणीला छान लागतो. पण बसल्याजागी धाप लागली, खोकला सुरू झाला, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर ऑक्सिजन आणि खाली उतरणं, याला जगात तिसरा पर्याय नाही.

म्हणजे खाण्याचा आणि श्वासाचा संबंधच नाही का? आहे, आणि तो मोठा आहे. फक्त मेसेजमध्ये सांगतात तिथे नाही. म्हणून तर हा सगळा त्रागा.

पहिली गोष्ट भात-चपातीची. एक लिटर ऑक्सिजन वापरून पिष्टमय अन्न जाळलं तर साधारण ५ किलोकॅलरी मिळतात, चरबी जाळली तर ४.७ च्या जवळपास. फरक थोडा वाटतो, पण जिथे प्रत्येक लिटर मोजून मिळतो तिथे तो लागतो. म्हणून उंचावर भात, बटाटा, पोहे, शिरा, गूळ, ग्लुकोजची बिस्किटं, हीच कामाची. हल्ली ट्रेकवाली मंडळी कीटो डाएट करत लडाखला येतात, पोळी-भात बंद आणि नुसतं पनीर-अंडी. त्यांना माझा दंडवत.

दुसरी, भूक. उंचावर भूक मरते, आणि शरीराचा खर्च मात्र वाढलेला असतो. थंडीचा खर्च, जोरात चालणाऱ्या श्वासाचा खर्च. श्वास घ्यायलाही स्नायू लागतात, हे लोक विसरतात. १९८५ मध्ये अमेरिकेत आठ जणांना ४० दिवस दाब कमी करत जाणाऱ्या खोलीत ठेवून एव्हरेस्टची उंची भोगायला लावली होती. थंडी नाही, वारा नाही, पाहिजे ते खायला समोर. तरीही माणसं सरासरी सात किलोच्या वर उतरली. सियाचिनहून खाली आलेला पोरगा ओळखू येत नाही, ते उगाच नाही. तिथे जवानाला "ताकदीचं" नको असतं, त्याला गिळता येईल ते हवं असतं. एका कर्नाटकातल्या कुकने आमच्या पोस्टवर रोज संध्याकाळी गरम गोड शेवयांची खीर दिली, पातळ, मगातून पिता येईल अशी. माझ्या मते त्या हिवाळ्यात त्या खिरीने माझ्या गोळ्यांपेक्षा जास्त काम केलं.

आता जुन्या मंडळींना हसू येईल, पण राजमाबद्दल बोलायलाच हवं. लेहला पाणी ८८ अंशांना उकळतं, १८,००० फुटांवर ८२ च्या आसपास. कुकर नसेल किंवा त्याची रिंग गेलेली असेल तर राजमा आणि चणाडाळ दिवसभर शिजवा, कच्चीच राहते. कच्च्या डाळीचा गॅस, त्यात बाहेरचा दाब कमी, म्हणून पोटातली हवा फुगते. फुगलेलं पोट वर छातीच्या पडद्याला दाबतं आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये माणूस उठून बसतो, "साहेब, श्वास घेता येत नाही." या वायू सरण्याच्या तक्रारीला १९८१ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी रीतसर वैद्यकीय नावही दिलंय. बंकरमध्ये आठ जण झोपत असाल तर नावाची गरज पडत नाही. पण मुद्दा गंभीर आहे: रात्रीचं जेवण थोडं, लवकर, आणि पूर्ण शिजलेलं. २०२३ मध्ये अमरनाथच्या श्राइन बोर्डाने यात्रेतल्या लंगरांमधून पुरी, समोसा, कोल्ड्रिंक असले पदार्थ काढून टाकले तेव्हा आपल्याकडच्या भाविकांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर बोर्डाने योग्य केलं.

आणि रम. माजी सैनिकांच्या बैठकीत हे वाक्य बोलणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं, तरी बोलतो. रमने अंग गरम होत नाही. कातडीकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. त्याहून वाईट म्हणजे ती श्वासाचा जोर कमी करते. उंचावर रात्री झोपेत श्वास तसाही थांबत-थांबत चालतो. जवान दचकून जागा होतो तो शरीराचा पहारेकरी जागा असतो म्हणून. पहिल्या रात्री दोन पेग म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणं. खाली उतरल्यावर, सुट्टीत, आपल्या घरी घ्या. वर पहिल्या आठवड्यात नको. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

राशनचा विषय निघालाच आहे तर एक कडू गोष्ट. २०२० च्या फेब्रुवारीत संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात एक ताशेरा होता. अति उंचावरच्या तुकड्यांना जे खास राशन मंजूर आहे, त्यातल्या एखाद्या वस्तूऐवजी दुसरी वस्तू द्यायची झाली तर ती किमतीला किंमत लावून दिली जात होती. म्हणजे जेवढ्या पैशांची मूळ वस्तू तेवढ्या पैशांचीच बदली वस्तू. बदली वस्तू महाग असली की ती कमी येणार. अहवालात लिहिलं होतं की त्यामुळे जवानाच्या कॅलरी काही बाबतींत ८२ टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. फौजेचं म्हणणं होतं की ही जुन्या काळातली आकडेवारी आहे, आता परिस्थिती सुधारली. सुधारली असेल, मला आनंदच आहे. पण तो हिशोब करणाऱ्याच्या डोक्यात काय होतं? १८,००० फुटांवरचं पोट रुपये मोजत नाही. कॅलरीला कॅलरी लावा, मग किंमत काय व्हायची ती होऊ दे. टीव्हीवर "हमारे जवान" म्हणून छाती फुगवणाऱ्या कितीजणांनी तेव्हा ते पान वाचलं? पुरचुंडीचा मेसेज मात्र सगळ्यांनी पुढे पाठवला.

आता खाली उतरू. आपण पेन्शनवाले. गावात दहा माजी सैनिक एकत्र बसले की त्यातले निदान तीन म्हणतात, "सियाचिनने आमची फुप्फुसं खाल्ली, जिना चढवत नाही." असेलही एखाद्याचं. पण बाकीच्यांनी आरशात बघावं. पोटावरची चरबी छातीचा पडदा वर ढकलते, फुप्फुसांना खालच्या बाजूने पसरायला जागा राहत नाही, आणि प्रत्येक श्वासाला ते पोट उचलावं लागतं. नोकरीत सकाळी पीटी होती तेव्हाचं जेवण आपण पेन्शनमध्येही चालू ठेवतो, पीटी तेवढी बंद. याला सियाचिन काय करणार? दुसऱ्या टोकाला बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने छाती गेलेली म्हातारी माणसं. ती सुकत जातात. त्यांना घरचे एकदम मोठं ताट वाढतात, ते जेववत नाही, जेवताना धाप लागते, मग अर्धं टाकतात. अशांना दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या: अंडं, दूध, डाळ, मऊ भात. दम्याच्या-सीओपीडीच्या पेशंटचं वजन उतरणं ही चांगली खूण नाही.

"फुप्फुसं साफ करणाऱ्या" पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्यांसाठी फिनलंडचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. त्यात काहींना गाजरात असतं ते बीटा कॅरोटीन गोळीतून दिलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. गाजर खा हो. पण गोळी खाऊन बिडी चालू ठेवायची असेल तर हिशोब उलटा पडतो.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

लेहला उन्हाळ्यात फॅमिली येतात. एका मराठी हवालदाराने बायकोला एमआय रूममध्ये आणलं. वय ३१, दोन मुलं, येऊन आठ-नऊ दिवस झालेले. चार पावलं चाललं की छाती धडधडते. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८९. लेहला हे चालतं. हवालदार म्हणाला, "बघा, नॉर्मल आहे, उगाच घाबरते." मी वहिनींची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात. त्या शांतपणे म्हणाल्या, "गावाकडं पाण्याचा हंडा आणतानापण असंच व्हायचं. मला वाटलं, बाईला होतंच."

ऑक्सिमीटर हे यंत्र काय सांगतं ते नीट समजून घ्या. कॉन्व्हॉयमधल्या शंभरातल्या किती गाड्या मालाने भरल्यात एवढंच ते सांगतं. कॉन्व्हॉयमध्ये एकूण गाड्या किती, ते सांगत नाही. ते सांगतं हिमोग्लोबिन. हिशोब सोपा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १५ असलेला जवान, पोस्टवर १८,००० फुटांना, ऑक्सिजन ८० टक्के धरा: १०० मिलिलिटर रक्तात १६ मिलिलिटर ऑक्सिजन. हिमोग्लोबिन ८ असलेली त्याची बायको, साताऱ्यात, बोटाला यंत्र लावलं तर ९८ टक्के दाखवेल: साडेदहा मिलिलिटर. पुन्हा वाचा. ज्याच्यासाठी हेलिकॉप्टर आहे, खास राशन आहे, भत्ता आहे, त्याच्यापेक्षा त्याच्या घरात भाकरी थापणारीच्या रक्तात ऑक्सिजन कमी आहे. आणि त्याची आई "माझा लेक बर्फात" म्हणून रडते, सून जिन्यात थांबली की "आजकालच्या पोरींत जीवच नाही" म्हणते.

आणि ही एकटी-दुकटी बाई नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या. महाराष्ट्रात ५४. पुरुषांत देशभरात २५. हा फरक हवेने पडला का? पाळी आणि बाळंतपणात रक्त जातं, त्यामुळे तिची लोहाची गरज पुरुषापेक्षा जास्त. आणि ताटात येतं काय? माझ्या कोल्हापूर-सातारा भागातलं सांगतो, बाकीच्यांनी आपापल्या घरात बघावं. मटण केलं की पीस पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात, बायका शेवटच्या पंगतीला, त्यांच्या वाट्याला रस्सा. मटणातलं लोह शरीर सहज घेतं, रश्श्यात ते फारसं येत नाही. आठवड्याला चार उपास, साबुदाण्याचे, ज्यात लोहाचं नाव नाही. सकाळी चहा-चपाती, आणि जेवण झालं की लगेच पुन्हा चहा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतं, शरीराला घेऊ देत नाही. जुनी लोखंडी कढई आणि तवा भंगारात गेला, त्यातून थोडंफार लोह मिळायचं तेही बंद.

मग कुणीतरी सांगतं, गूळ-शेंगदाणे द्या, बीट द्या, खजूर द्या. द्या ना. पण साडेसातचं हिमोग्लोबिन खजुराने बारावर येत नाही. त्याला लोहाची गोळी लागते, डॉक्टरला विचारून, महिनोन्‌महिने, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या दोन तास इकडे किंवा तिकडे. शौच काळी होते, पोट जरा कुरकुरतं, म्हणून बायका चार दिवसांत सोडून देतात आणि नवरे विचारत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही गोळी फुकट मिळते. शाळेतल्या पोरा-पोरींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, ती किती घरांत दप्तराच्या तळाशी सापडते ते बघा. त्या आधी रक्त का कमी आहे हे तपासा. पाळीला जास्त जात असेल, जंत असतील, मूळव्याध असेल तर नुसती गोळी भरून उपयोग नाही.

भरतीच्या अकादमीत जाणाऱ्या पोरांनाही हेच लागू आहे, फक्त थोडक्यात सांगतो. १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे म्हणून डबे घेतात, कच्ची अंडी पितात, छाती ७७ वरून ८२ फुगायला हवी म्हणून कसल्या-कसल्या पावडरी. पहिलं रक्त तपासा. आता पोरीही भरतीला येतात, आणि त्यांच्यात तर हे आधी तपासल्याशिवाय पळवूच नये. वर्षभर उन्हात पळून वेळ कमी होत नाही म्हणून रडणाऱ्या एका पोरीला मी ओळखतो. तिचं हिमोग्लोबिन नऊ होतं. तिच्या सरांनी तिला "विल पॉवर कमी आहे" असं सांगितलं होतं.

उंचावर तर लोहाचा आणखी एक धंदा आहे. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, तिथला दाब वाढतो; हॅपोची सुरुवात तिथून होते. पेरू देशातल्या ४,३४० मीटरवरच्या एका गावात खालून नेलेल्या निरोगी माणसांवर प्रयोग झाला, २००९ मध्ये छापून आला: शिरेतून लोह दिल्यावर हा वाढलेला दाब काही प्रमाणात उतरला. हे वाचून उद्या कुणी लडाखला जाण्याआधी लोहाचं इंजेक्शन मारून घेऊ नये. ज्याला गरज नाही त्याला जास्तीचं लोह अपायच करतं. पण खाण्यातली एखादी गोष्ट उंचावरच्या फुप्फुसावर खरोखर परिणाम करते असं विचाराल, तर बोट मी लसणाकडे नाही, लोहाकडे दाखवेन.

त्या वहिनींना आम्ही खाली पाठवलं. हवालदार नाराज होता, सहा महिने क्वार्टरची वाट पाहून मिळालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या परत आल्या, अकरा पॉइंट चार घेऊन, आणि शांती स्तूपाच्या पायऱ्या थांबत-थांबत का होईना चढल्या.

लडाखला किंवा चारधामला घरच्यांना घेऊन जाणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर असतं: निघायच्या तीन महिने आधी घरातल्या बायकांचं हिमोग्लोबिन करा, लेहला उतरल्यावर दोन दिवस काही बघायला जाऊ नका, भात-डाळ खा, दारू नको, आणि खोकला-धाप दिसली की उतरा. फोनवर पलीकडे थोडी शांतता पडते, मग विचारतात, "आणि ती पुरचुंडी?" पुरचुंडी देव्हाऱ्यात ठेवा.

आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा मेळावा असतो. दरवर्षी पुरुषांचं बीपी आणि साखर तपासतात, बायका मागे खुर्च्यांवर बसून असतात, नाहीतर जेवणाच्या तयारीत. या वर्षी हिमोग्लोबिनचं टेबल वेगळं लावतोय, फक्त बायका आणि मुलींसाठी, आणि पहिली पंगतही त्यांचीच बसवणार आहे. दोन-तीन जुने साहेब कुरकुरले. आपापल्या तालुक्यात कुणाला लावायचं असेल तर सामान काय लागतं ते मला विचारा, यादी पाठवतो.